एकतीस टक्के

पहिल्याच दिवशी तिने त्याला ‘दादा’ म्हटलं आणि तिथेच माशी शिंकली.

“मी तुझा दादा नाही,” हातातल्या चंबूवरची नजर न काढता तो म्हणाला. “सर म्हण. आणि माझ्या टेबलाला हात लावायचा नाही.”

विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात उन्हाळ्याच्या सुट्टीत आठ आठवडे संशोधन करायला ती आली होती. बीएस्सीचं दुसरं वर्ष नुकतंच संपलेलं. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी तिला त्याच्या गळ्यात बांधलं. त्याचं पीएचडीचं सहावं वर्ष, प्रबंधाचा पत्ता नाही, त्यात हे लोढणं. त्याने तिला नावाने कधी हाक मारली नाही. ‘पाहुणी’ म्हणायचा. आठवड्याभरात बाकीचेही म्हणू लागले.

काम त्याचंच जुनं. दोन द्रावणं बर्फावर मिसळायची, चार तास ढवळायची, गाळून पांढरी पूड काढायची. त्याने हे एकदा केलं होतं आणि हिशेबाने मिळायला हवी त्याच्या अठ्ठ्याहत्तर टक्के पूड मिळाली होती. त्या आकड्यावर मॅडमनी शोधनिबंध लिहून पाठवलाही होता. तिला मिळाली एकतीस टक्के. पुन्हा केलं, तीस. तिसऱ्यांदा एकतीस.

“घरी कधी भांडी घासलीस का?” त्याने सगळ्यांसमोर विचारलं. सगळे हसले.

तिने प्रत्येक भांडं तीनदा धुतलं, अ‍ॅसिटोनने खंगाळलं. बोटांची सालं निघाली. आकडा जागचा हलला नाही. मग त्याने स्वतःचीही भांडी तिच्यापुढे आणून ठेवायला सुरुवात केली.

ती मावशीकडे राहत होती. मावशीने तिची बोटं पाहिली आणि ताट वाढता वाढता म्हणाली, “सोड ते. फुकट राबवून घेतायत मेले.”

“सोडलं तर म्हणेल, बघा, मी सांगितलंच होतं.”

“म्हणू दे की.”

“नाही म्हणू देणार,” ती म्हणाली. तिला जेवण गेलं नाही.

सहाव्या आठवड्यात एका दुपारी गाळलेली पूड तिच्या बोटाला गार लागली. अजून ओलीच होती. एरवी ती निर्वात पंपावर दोन तास सुकवून मगच वजन करायची. त्या दिवशी आधी केलं. शहात्तर टक्के भरली. सुकवल्यावर एकतीस.

तो चहाला गेलेला पाहून ती त्याच्या टेबलापाशी गेली आणि जुनी वही उघडली. गाळलं पाच दहाला. वजन पाच पंचवीसला. सुकवल्याची नोंदच नव्हती.

तो परत आला तेव्हा वही तिच्या हातातच होती.

“कुणाला विचारून घेतलीस?”

“विचारलं असतं तर दिली असतीत?”

“चोर आहेस तू.” तो तिला तसाच मॅडमच्या खोलीत घेऊन गेला. तिने त्याची आणि स्वतःची, दोन्ही वह्या टेबलावर ठेवल्या आणि पंधरा मिनिटांवर बोट ठेवलं. मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“त्या दिवशी तुम्हीच दारात उभ्या होतात,” तो म्हणाला. “आकडा आत्ताच हवा म्हणून.”

“ओल्या पुडीचा मागितला नव्हता. उद्या माझ्यासमोर करायचं.”

दुसऱ्या दिवशी त्याने तो प्रयोग केला. मॅडम खुर्ची घेऊन बसल्या होत्या. सुकवून वजन केलं तेव्हा तेहतीस टक्के आली.

निबंध मागे घ्यायचं ठरलं. मग मॅडम तिच्याकडे वळल्या. तिला वाटलं, आता दोन चांगले शब्द कानावर पडतील.

“दुसऱ्याची वही न विचारता उघडणाऱ्या माणसाला मी इथे ठेवत नाही. उरलेले दिवस ग्रंथालयात बसून अहवाल लिही. प्रमाणपत्र मिळेल.”

तिने अहवाल लिहिला. एकही आकडा गाळला नाही, स्वतःचे नाही की त्याचा नाही. शेवटच्या दिवशी कपाटाची किल्ली द्यायला गेली तेव्हा तो एकटाच होता.

“झालं समाधान?” त्याने विचारलं.

“नाही. सहा आठवडे तुम्ही मला भांडी घासायला लावलीत.”

त्याने किल्ली खिशात टाकली. “तेहतीस आली मला. तुझ्यापेक्षा दोन जास्त.”

“दोन टक्के मोजण्यातली चूक धरतात, सर,” ती म्हणाली. “तसं अहवालात लिहिलंय.”

उत्तराची वाट न पाहता ती निघाली.