काठावरचे बूट

"बोलू नका मावशी, नुसती मान हलवा. फिलो राहतो, का परत वर जातो?"

कॅरिस बेकरीच्या काउंटरवर जवळजवळ आडवी झाली होती. मागे तिच्या दोन मैत्रिणी श्वास रोखून उभ्या होत्या. सुझाना ड्यूकने दुहेरी पावांचा ट्रे खाली ठेवला. एका पावाच्या डोक्यावरचा लहान गोळा कलंडला होता, तो बोटाने सरळ केला. मान मात्र तिने हलवली नाही.

"उद्या बघा."

"उद्या माझा बाप्तिस्मा आहे! सगळ्यांपुढे उभं राहून श्रद्धेबद्दल बोलायचंय, आणि माझ्या डोक्यात नुसता फिलो. तो गेला ना, तर मी तिथंच रडेन."

"रड की. लोक म्हणतील, पोरगी किती भाविक आहे."

मुली खिदळत बाहेर पडल्या. दार बंद होता होता एकीचा आवाज आला, "राहणार बघ! मावशींचे कान लाल झाले होते!"

एकसष्ट वर्षांच्या सुझानाचे कान खरोखरच लाल झाले होते. कॅनडातल्या मॅनिटोबाच्या त्या सपाट मुलखात, मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या गावात तिच्याविषयी सांगण्यासारखे कुणाकडे फारसे काही नव्हते. ती पाव भाजत असे, चर्चमध्ये खालच्या पट्टीत गात असे, आणि तिने लग्न केले नव्हते. मात्र गेल्या हिवाळ्यात तिने गंमत म्हणून चर्चच्या तळघरात, कॉफीच्या पिंपाशेजारी, चित्रकथेचे एक पान टाचले होते. त्यात फिलो नावाचा उमेदवार देवदूत होता. पंख धड फुटलेले नसल्यामुळे तो उतरताना थेट धान्याच्या कोठारावर आपटला होता. सोळा वर्षांच्या लोटीला प्रार्थना शिकवण्यासाठी त्याला खाली पाठवले होते, कारण लोटीचा कशावरच विश्वास नव्हता. तो तिच्या प्रेमात पडला, हे ओघानेच आले. खरी पंचाईत वेगळीच होती. प्रार्थना फिलोलाच येत नव्हती. ज्याने सगळे डोळ्यांनी पाहिले आहे, त्याला विश्वास ठेवण्याची सवय कुठून असणार?

दर रविवारी नवे पान लागू लागले, आणि उपासना संपताच कोट घ्यायलाही न थांबता माणसे तळघराकडे धावू लागली. म्हातारे चष्मे पुसत पुढे घुसत, आणि पोरे त्यांच्या काखेतून डोकी काढत.

दुपारी सुझाना शेवटचे पान घेऊन तळघरात गेली, तेव्हा चर्चचे सेवक हेन्री फ्रीझन खुर्च्या मांडत होते. त्यांनी हातातली खुर्ची तशीच सोडली.

"दाखव ना, सुझा. कुणाला नाही सांगणार. एर्नाला पण नाही."

"बायकोला तर तू आधी सांगशील."

"बरं, फक्त एर्नाला."

तिने पान पुढे केले. हेन्री वाचू लागले. पंख गेले तर माणूस होता येईल, आणि पंख जायचे असतील तर ते पुरते भिजायला हवेत, असे फिलोला कळले आहे. तो बाप्तिस्म्यासाठी कमरेएवढ्या पाण्यात उतरतो. बुडी मारताना पाय घसरून तो खोलात जातो, आणि पाणी डोक्यावरून जाते. पंखांची पिसे एकेक करून प्रवाहाला लागतात, आणि तेवढ्यात त्याच्या लक्षात येते की आपल्याला पोहता येत नाही. हेन्री मोठ्याने हसले. मग हसू हळूहळू मावळले.

"सुझा, ही नदी आहे."

"नदीच आहे."

"अगं, पण आपण ओंजळीनं ओततो! नदीत बुडवतात ते रस्त्यापलीकडचे."

गावात मेनोनाइटांची दोन चर्चे होती, एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना. आडनावे तीच, पाव तेच, गाणीही तीच. फरक तेवढा पाण्याचा होता. अलीकडच्या काळात कुणी त्यावरून भांडत नसे; पण सुझानाच्या तरुणपणी पलीकडचे लोक ओंजळीच्या बाप्तिस्म्याला बाप्तिस्मा मानत नव्हते.

"उद्या कॅरिसच्या आईकडचे सगळे येणार पलीकडून," हेन्री म्हणाले. "त्यांना वाटेल, शेवटी आपणच हरलो. एवढं एक चित्र बदल. ओंजळभर पाणी दाखव, झालं." मग आवाज उतरवून ते म्हणाले, "आणि आब्राम येईल. जुन्या लोकांना सगळं आठवेल, सुझा. तुलाच त्रास होईल."

सुझानाने पान गुंडाळले आणि ती घरी गेली.

स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तिने खरोखरच ओंजळ काढून पाहिली. फिलोच्या नाकाच्या शेंड्यावर एक थेंब आला, केस चापून बसले, आणि पंख मात्र पाठीवर कोरडे ठणठणीत राहिले. ते ध्यान पाहून तिला हसू आले. मग ती हसायची थांबली. असा फिलो उडून जाणार होता. कोरड्या राहिलेल्या माणसाची गोष्ट पुढे कशी जाते, हे तिला पुरते ठाऊक होते.

आब्राम क्लासेन पलीकडचा होता. लग्न करायचे तर सुझानाने नदीत पुन्हा बाप्तिस्मा घ्यावा, अशी तिकडची अट होती. "पहिला काय गंजला?" असे तिचे वडील म्हणाले, आणि विषय संपला. आब्रामचा स्वतःचा बाप्तिस्मा झाला त्या दिवशी ती नदीवर गेली होती. ते मात्र कुणालाच माहीत नव्हते. पुढे आब्रामचे लग्न झाले, लेक झाली, ती लेक रस्त्याच्या अलीकडे नांदायला आली, आणि तिची लेक कॅरिस.

तिने ओंजळीचे चित्र चुलीत घातले.

रविवारी चर्च तुडुंब भरले होते. कॅरिस सगळ्यांपुढे उभी राहिली.

"मला वाटायचं, विश्वास म्हणजे खात्री," ती म्हणाली. "आणि मला कशाचीच खात्री नाही. पण फिलोला सगळ्याची खात्री होती, म्हणून तर त्याला प्रार्थना येत नव्हती. म्हणजे मला येईल, असं वाटतं."

बाकांवरून हसू सरसरत गेले. पास्टरांनी तीनदा ओंजळ भरून तिच्या डोक्यावर ओतली. खालच्या-वरच्या चारही पट्ट्यांत गाणे उठले, आणि शेवटचा सूर विरतो न विरतो तोच जिन्यावर झुंबड उडाली. सगळ्यांच्या पुढे कॅरिस होती, ओल्या केसांनिशी, पायऱ्यांवर थेंब सांडत.

"मावशी! लोटीनं उडी मारली!"

"कुठं? सरक ना, दिसू दे!"

"अगं, ती दिसत नाहीये, नुसते बूट आहेत!"

शेवटच्या चौकटीत माणूस नव्हता. पाण्यावर वर्तुळे होती, काठावर मुलीचे काळे नाडीचे बूट होते, आणि पाण्यातून वर आलेल्या संवादाच्या फुग्यात लिहिले होते: "लोटी, तुझे पाय टेकतात का गं? माझे नाही टेकत. मी प्रार्थना करतोय. मला येतेय!"

तळघर दणाणून गेले. तेवढ्यात मागून एका म्हातारीचा कडक स्वर आला, "नदीत? आपल्या चर्चमध्ये?"

अलीकडचे आणि पलीकडचे, सगळे सुझानाकडे पाहू लागले. ती कॉफीच्या पिंपाशेजारी ताठ उभी होती.

"नदीतच," ती म्हणाली.

हेन्रींनी घसा खाकरला, पण त्यांच्याआधी त्यांची बायको एर्ना बोलली, "मग काय करायचं होतं तिनं? ओंजळीत उडी मारायची होती?"

हशा असा उसळला की कपबशा किणकिणल्या. हेन्रीही हसले, आणि मग त्यांनीच पलीकडच्या पाहुण्यांना पाव वाटायला सुरुवात केली.

गर्दी टेबलांकडे पांगली. पानासमोर एक उंच, किंचित वाकलेला म्हातारा तेवढा उरला. आब्राम बऱ्याच वेळाने वळला.

"बूट तुझे आहेत," तो म्हणाला. "तू असेच घालायचीस."

"असेच."

"आली होतीस त्या दिवशी?"

"विलोच्या झाडामागं होते. बूट काढले होते मी, आब्राम."

पलीकडच्या टेबलावर कुणीतरी गाणे सुरू केले होते आणि पोरे बशांवर ताल धरत होती.

"पाण्यातून वर आल्यावर मी काठाकडं पाहिलं होतं," तो म्हणाला. "कुणीच नव्हतं."

"खाली वाकले होते. परत नाड्या बांधत होते."

आब्रामने आपल्या बशीतल्या पावाचा वरचा लहान गोळा हलकेच सोडवला आणि तिच्या बशीत ठेवला. सुझानाने त्याचा कप भरला. मग ती दोघे भिंतीशी उभ्याउभ्याच खाऊ लागली. मागून कॅरिस ओरडत होती, "मावशी, पण पुढं काय? बाहेर आले ना ते?"