एका वेळी एक कप

कॉफी गाळायची की दाबायची, यावर कार्यालयाच्या हरित समितीत फूट पडली. तेवढ्यात मोठ्या साहेबांनी शिपायाकरवी स्टीलचं एक पिंप आणून टेबलावर ठेवलं. पिंपाला खाली नळ होता.

"ना गाळायची, ना दाबायची," साहेब म्हणाले. "सकाळी एकदाच उकळायची. नळ फिरवला, कप भरला. कॅप्सूल नाही, कागद नाही, कचरा नाही. पृथ्वी वाचली, बैठक संपली."

नकाशे उभा राहिला. आपण का उभे राहिलो हे त्याला उभं राहिल्यावर आठवलं.

"साहेब, घाई होतेय."

"म्हणजे? पृथ्वी वाचवायची घाई नको करायला?"

"वाचवायचीच आहे साहेब. पण जरा सावकाश."

सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या. नकाशे नकाशा विभागात आरेखक होता आणि आजवरच्या कुठल्याही बैठकीत त्यानं 'हजर' याखेरीज शब्द उच्चारला नव्हता. त्याचं खरं आडनाव वेगळंच होतं, पण ते आता फक्त पगारपत्रकाला माहीत होतं. लग्नाचं वय त्याच्या शेजारून इतक्या हळू गेलं होतं, की त्याला वाटलं खिडकी उघडी राहिली असेल.

भानगड त्या नळाची होती. सध्या कॉफी करणारं मशीन एका कपाला कॉफीच्या पुडीची एक कॅप्सूल गिळायचं, दमेकऱ्यासारखं घरघरायचं, विचार करायचं आणि मग करंगळीएवढी धार सोडायचं. त्यामुळे रोज अकरा वाजता मशीनपुढे रांग लागे. रांगेत नकाशेच्या पुढे जावकबाई असत. कार्यालयातून बाहेर जाणारी सगळी पत्रं त्यांच्या हातून जात, आणि त्यातली बरीच पोस्टमनचा शेरा घेऊन परत येत. ते शेरे त्या मागे वळून नकाशेला सांगत.

"काल एक आलं," त्या म्हणायच्या. "'सदर इसम दारात भेटला, पण मी तो नव्हेच म्हणाला.'"

"मग आता?"

"आता काय, पुन्हा पाठवलं. या खेपेला 'तो नव्हे' यांच्या नावानं."

नकाशे हसायचा, मशीन घरघरायचं, त्यांचा कप भरायचा आणि त्या जायच्या. नकाशेच्या दिवसात दिवस म्हणावा असा भाग तेवढाच होता. बाकी मग नद्या आणि हद्दी. पिंप आलं की नळ फिरवला, कप भरला. रांग कशाला लागेल? कार्यालयातल्या कार्यालयात दोन माणसांनी उभं राहून बोलायचं, तर काहीतरी हळू चालत असावं लागतं.

"पिंपातली उरलेली संध्याकाळी ओतून देणार," नकाशे म्हणाला. "आणि दिवसभर खाली शेगडी. कॅप्सूलपेक्षा तेच महागात जाईल हो, पृथ्वीला."

"बरोबर आहे," आवकवाला म्हणाला.

हा सगळा घोळ आवकवाल्यानंच घातला होता. बाहेरून येणारी पत्रं घेणारा, सायकलवरून येणारा, विधुर आणि टापटीप माणूस. त्यानं एके दिवशी वापरलेल्या कॅप्सूलचं पोतं साहेबांच्या टेबलावर उपडं केलं होतं आणि कॅप्सूल बंद होईपर्यंत कॉफीचा थेंब घेणार नाही असं जाहीर केलं होतं. तो आणि जावकबाई एकाच टेबलाच्या दोन बाजूंना पाठीला पाठ लावून बसत. दोघांनी एकमेकांच्या खुर्च्यांचा करकर आवाज तेवढा नीट ऐकला होता.

"मग तुमचं म्हणणं काय?" साहेबांनी विचारलं.

"कापडातून गाळायची," नकाशे म्हणाला. "वरून गरम पाणी. एका वेळी एक कप. लागेल तेवढीच. कापड धुतलं की पुन्हा तयार. उद्या करून दाखवतो."

त्या संध्याकाळी त्याच्या ताईनं स्वयंपाकघरात पाऊल टाकलं, तर भाऊ ओट्यापाशी घड्याळ लावून उभा.

"उशीची खोळ कुठाय रे?"

"पर्यावरणासाठी गेली."

"कुठं गेली?"

"भिजतेय ताई. जुनं कापड हळू गळतं."

ताईनं भांड्यात डोकावून पाहिलं. टप. मग बऱ्याच वेळानं, टप.

"अरे, असं एक कप प्यायला माणसाला रजा टाकावी लागेल!"

"जास्तच हळू होतंय का?" त्यानं काळजीनं विचारलं. "दुहेरी घडी काढून पाहू?"

ताई स्टूल ओढून बसली. तिनं भावाला लहानपणापासून पाहिलं होतं. घाबरला की तो अंगठ्यानं तर्जनीचं नख घासायचा. आत्ता तो दोन्ही हातांनी घासत होता.

"कोण आहे ती?"

"कापड आहे, ताई."

"हो का? विचारलंस का मग कापडाला?"

"काय विचारायचं?"

"बरं बाबा," ताई उठली. "दुसरी खोळ पण घे. फुलाफुलांची नको, ती रंग सोडते."

झोपेत त्याला एक नदी दिसली. ती कुणाच्या तरी कपात पडत होती आणि कप भरतच नव्हता.

दुसऱ्या दिवशी समितीनं कापडाची कॉफी चाखली. साहेबांनी डोळे मिटले, म्हणजे चव आवडली किंवा बैठकीची वेळ संपली. ठराव झाला. पिंप परत गेलं. जावकबाई जाताजाता म्हणाल्या, "नकाशे, बोलता येतं की तुम्हाला!" हे वाक्य त्यानं जेवणाच्या सुट्टीपर्यंत पुरवून वापरलं.

मग साहेबांनी शिपायाला पाणी ओतायला सांगितलं. शिपायानं किटली अशी उपडी केली, की कापड, कॉफी आणि चमचा एकदमच कपात गेले.

"अहो, हे काय!"

"साहेब, मी फायली नेणारा माणूस. मला हळू काही येत नाही."

साहेबांची नजर फिरत फिरत नकाशेवर थांबली. "तुमचा हात स्थिर आहे. नदी काढता. उद्यापासून अकरा वाजता तुम्हीच ओता."

नकाशे 'हो' म्हणाला. त्याच्या तोंडाची सवय होती ती. रांगेत उभा राहणारा आणि रांगेला कॉफी देणारा ही दोन वेगळी माणसं असतात, हे टेबलाच्या पलीकडे गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं.

अकरा वाजता रांग लागली. पूर्वीच्या दुप्पट. जावकबाई मधोमध होत्या. त्यांच्या मागे, जिथं नकाशे उभा राहायचा तिथं, आवकवाला उभा होता. कॅप्सूल गेल्या, म्हणून त्याचं व्रत सुटलं होतं.

नकाशे ओतत होता. टप, टप. रांग सरकत नव्हती. त्याला दुहेरी घडी काढता आली असती, पण मग परवा समितीपुढे म्हटलेलं 'जरा सावकाश' खोटं पडलं असतं.

"परवा एक आलं," जावकबाई मागे वळून सांगत होत्या. "'सदर इसम घरी आहे, पण झोपला आहे, कृपया मोठ्यानं हाक मारू नये.'"

"थांबा थांबा," आवकवाला म्हणाला, "त्या इसमाचं पत्र माझ्याकडे आलंय! लिहिलंय, 'आपले पत्र मिळाले नाही, तरी उत्तर देत आहे.'"

"काय सांगता!"

जावकबाई इतक्या हसल्या, की त्यांना टेबलाचा आधार घ्यावा लागला. नकाशेनं त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. त्याच्याकडे शेऱ्याला उत्तर कधी नव्हतंच, तो फक्त 'मग आता?' विचारत असे. आवक-जावक हा जोडशब्द आहे, हे इतकी वर्षं दारावरची पाटी वाचूनही त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

"नकाशे, जरा आवरा की हो!" मागून कुणीतरी ओरडलं.

"कापड आहे," नकाशे म्हणाला. "त्याच्या गतीनंच चालणार."

जावकबाईंचा नंबर आला. त्यांनी घरून आणलेला कप पुढे सरकवला, पण मान अजून मागेच होती. नकाशेनं पूड टाकली, पाण्याची धार अगदी बारीक धरली. घाई केली असती तर त्या लवकर गेल्या असत्या, आणि त्यांच्या मागचाही. त्यानं हात हलू दिला नाही. टप. टप. कप काठापर्यंत भरला, तेव्हा त्यानं दोन्ही हातांनी तो उचलून त्यांच्यापुढे ठेवला.

"झाली, बाई."

त्या वळल्या. डोळ्यांत हसण्याचं पाणी होतं. कपाकडे बघून म्हणाल्या, "एवढ्यात?"

ते कुणाला म्हणाल्या, हे विचारायला वेळ नव्हता. नकाशेनं कापड पिळलं, झटकलं, पुन्हा नीट घडी बसवली.

"पुढचे, या," तो म्हणाला.