पहिल्या नंबरची टॅक्सी

माझा टॅक्सीचा बॅज नवा करून मिळायला अकरा महिने लागले. पोलिसांचा दाखला आला तोवर डॉक्टरचा जुना झाला, डॉक्टरचा नवा आणला तर आरटीओतल्या साहेबांची बदली. आज बॅज छातीला लावून सकाळी सातला कांजूरमार्ग स्टेशनबाहेरच्या स्टँडवर गाडी लावली. नंबर नववा.

दुपारी दोनला पहिला आलो. लोक आमच्या नाकासमोरून अ‍ॅपच्या गाड्यांत बसून जात होते. तेवढ्यात हाताला प्लास्टर घातलेल्या एक बाई दार उघडून मागे बसल्या. मी मीटर टाकला.

"मीटर नको भाऊ. माझी गाडी येतेय. उन्हात उभं राहवत नाही म्हणून बसले."

प्लास्टर बघून मीटर बंद केला. पाच मिनिटांत त्यांची गाडी आली, त्या गेल्या.

रांग सांभाळणारा मार्कस खिडकीशी आला. "धोंडू, मागे लाव."

"भाडं कुठे झालं रे?"

"पॅसेंजर आत बसला की नंबर संपला. नियम तूच केलास ना?"

मीच केला होता. जवळचं भाडं नाकारून पुन्हा पहिलेच उभे राहणाऱ्यांसाठी. तेव्हा पॅसेंजर आमच्यासाठी रांग लावायचे.

गाडी मागे नेली. पुन्हा नववा.