लाल दिव्याची तार

“सूरज, ऊठ वं. जग बोलाले लागलं का मंग आपलं आपल्यालेच आयकू येत नाई. ह्या दोन घटका आपल्या.”

सासूबाईंचा, भागिरथीबाईंचा हा आवाज सूरजबाईंनी पहिल्यांदा ऐकला तेव्हा त्या पंधरा वर्षांच्या होत्या. सासू जाऊन तीस वर्षं झाली, पण पहाट अजून त्याच हाकेनं उजाडायची. सूरजबाई न्हाऊन सामायिकाला, जैनांच्या त्या ध्यानाला, बसत. अठ्ठेचाळीस मिनिटं एका आसनावर, मौनात. समोर वाळूचं घड्याळ. वरची वाळू खाली येईस्तोवर उठायचं नाही, बोलायचं नाही. रिसोडच्या त्या घरात सून-नातवंडांचा, हमाल-गिऱ्हाइकांचा दिवसभर बाजार भरलेला असे. तेवढी वाळू मात्र सूरजबाईंची एकटीची होती.

पंचाहत्तर साली हीरालालनं, त्यांच्या मुलानं, रुईच्या गाठी वाहायला ट्रेलर घेतला. पुढं इंजिनाचं धूड, त्याला ड्रायव्हर लोक घोडा म्हणत, आणि मागं जोडलेला लांबच लांब पाट. गाडी उभी राहायची घरामागच्या मोकळ्या वाड्यात, सूरजबाईंच्या खिडकीखाली. सेवालाल पहाटे किल्ली फिरवायचा आणि एक कर्कश आवाज सुरू व्हायचा तो सात-आठ मिनिटं थांबायचाच नाही.

एक दिवस त्या वाड्यात उतरल्या. “सेवालाल, गाडी हाये का रेडकू रे? रोज सकायी काय रेकते?”

“रेडकू नाई माजी, सासू हाये ते. पोट भरल्याबिगर गप बसत नाई.”

“माह्याकडं पाहून बोलला का?”

“तुमची काय टाप हाये तिच्याएवढी वरडाची?” सेवालाल हसला. मग त्यांना कॅबिनपाशी नेऊन त्यानं हवेचा दाब दाखवणाऱ्या काट्याखालचा वाटाण्याएवढा लाल दिवा दाखवला. “हिचे ब्रेक हवेवर चालतात. घोड्यातून मांगं ट्रेलरले रबरी पायपानं हवा जाते. टाकीतली हवा उतरली का हा दिवा लागते अन् हे वरडते. ब्रेक जाच्या आंधी सांगते बिचारी.”

“पण सकायी तं गाडी उभीच असते. मंग कायले सांगते?”

“तिले काय समजते उभी हाये का पयून राह्यली? रातभर टाकी रिकामी होते. हवा नाई, एवढंच तिले समजते.”

चातुर्मास लागला तेव्हा सूरजबाईंनी त्याला पुन्हा गाठलं. चार महिने फक्त, ते रेकणं बंद कर. सेवालालनं मान हलवली. नाही म्हणाला, दोनदा. सूरजबाई तिथंच उभ्या राहिल्या. मागच्या साली त्याची बायको भुरी बाळंतपणात अडली होती. भर पुरात याच माजींनी जीप काढून तिला वाशिमला नेलं, रात्रभर तिचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. ती आठवण त्यांनी काढली नाही. काढायची गरजच नव्हती.

सेवालालनं कॅबिनमध्ये काट्यामागं हात घालून तार ओढली. आवाज बंद झाला. त्यानं किल्ली पुन्हा फिरवून पाहिली आणि त्याचा चेहरा उतरला.

“माजी, दिवाय गेला याच्यासंगं. दोघायची तार एकच हाये.”

“काटा हाये ना? त्याच्यावर डोया ठेव.”

“डोया रस्त्यावर ठेवू का काट्यावर?”

“चार महिने रे बाबा!”

दिवाळी होऊन चातुर्मासही संपला.  सेवालालनं दोनदा विचारलं, आता तार लावू का? पहाट अशी निर्मळ झाली होती, कापसाच्या बोंडातून कापूस सुटावा तशी अलगद उघडत होती. सूरजबाई म्हणाल्या, “लावजो. एवढी काय घाई हाये?”

पौषातली चौदस, व्रताचा दिवस होता, म्हणून त्या दुपारीही सामायिकाला बसल्या होत्या. अर्धी वाळू वर होती. तेवढ्यात वाड्याचं फाटक आपटलं. एस.टी.चा कंडक्टर जगदेव धापा टाकत ओरडत होता.

“शेटजी! तुमचा ट्रेलर पालथा झाला! किन्हीराजाच्या अलीकडच्या उतारावर. ब्रेकच लागला नाई म्हणतात. समोरून आमची गाडी होती, माणसायनं गच भरेल. सेवालालनं तुरीच्या वावरात घातला म्हणून वाचलो आमी. पण रूपला दबला खाली.”

रूपला गाडीवरचा दुसरा माणूस. भुरीचा सख्खा भाऊ.

खाली कुणीतरी मोठ्यानं रडायला लागलं. हीरालालची जीप सुरू झाली, गेली. सूरजबाई आसनावर तशाच बसून होत्या. ओठ नवकार मंत्र म्हणत होते, पण शब्दांना चवच उरली नव्हती.  वाळूचा कण न् कण खाली पडताना त्यांना दिसत होता. पहिल्यांदाच त्यांना ती शांतता भरलेली नव्हे, रिकामी वाटली; आतली सगळी हवा निघून गेलेल्या टाकीसारखी. वाळू संपली तरी त्या उठल्या नाहीत. नियमानं धरलं होतं की भीतीनं, हे त्यांना कळेना.

तिसऱ्या दिवशी ट्रेलर ओढून वाड्यात आणला. घोड्याचं तोंड एका अंगानं चेपलेलं. डोक्याला पट्टी बांधलेला सेवालाल भिंतीशी उकिडवा बसला होता. रूपलाचा पाय अकोल्याच्या डॉक्टरांनी गुडघ्याखाली कापला होता.

उकंडराव मिस्त्री गाडीखालून बाहेर आला. “शेटजी, ट्रेलरचा पाईप घासून फाटला. हवा हयूहयू जात राह्यली असंन. पण हे पाहा.” कॅबिनमध्ये हात घालून त्यानं तारेचं टोक बाहेर ओढलं. “तुटेल नाई हे. हातानं काढेल हाये. दिवा अन् भोंगा, दोनी मुकेच होते.”

हीरालालनं ते टोक बोटांत धरून पाहिलं. मग म्हणाला, “कोणं काढली?”

“म्या,” सेवालाल म्हणाला.

“काहून?”

सेवालाल जमिनीकडं बघत राहिला.

“अरे, येश्टीत पन्नास माणसं होती! काहून काढली? झोप मोडत होती काय तुही? नाई सांगत? मंग ठाण्यात सांगजो. अन् या जिल्ह्यात पुन्हा कोणाचं स्टेरिंग तुह्या हाती येऊ देणार नाई मी.”

भुरी फाटकात उभी होती. ती पुढं आली आणि नवऱ्याची बंडी दोन्ही मुठींत धरून त्याला हलवायला लागली. “माह्या भावाचा पाय खाल्ला तू! बोल ना! तांड्यात त्याच्या लेकरायले काय सांगू मी? कायले काढली?”

तो गदागदा हलत होता. एकदाच त्यानं मान वर केली. खिडकीकडं बघितलं आणि लगेच खाली घातली.

ते बघणं सूरजबाईंना खिडकीच्या गजाआडून दिसलं. जिना त्या कशा उतरल्या ते त्यांना आठवणार नव्हतं. पायांत चप्पल नव्हती. वाड्यातले हमाल बाजूला झाले.

“मा, तू कायले आली खाली?” हीरालाल म्हणाला. “वर जा.”

सूरजबाईंनी आधी भुरीची बोटं एकेक करून बंडीवरून सोडवली. भुरी त्यांच्याकडं आशेनं बघत होती, आणि तेच त्यांना सोसेना.

“त्याले सोड, भुरी. मले धर,” त्या म्हणाल्या. “तार म्या काढाले लावली. मले सामायिकात आवाज नको होता. हा नाई म्हणत होता. दिवाय गेला, हे यानं मले तवाच सांगतलं. दिवाळीनंतर दोनदा इचारलं, लावू का म्हणून. म्याच नाई लावू देली.”