लंगडीसाठी ठेवलेली कुंडी

मी कुंडी बोलतेय. फुलझाडाची नव्हे, आणि कचऱ्याची तर मुळीच नव्हे. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण येणारेजाणारे शहाणे माझ्यात वेफर्सची रिकामी पाकिटं टाकून जातात. मी पाण्याची कुंडी आहे. गल्लीतल्या मुक्या जनावरांनी प्यावं म्हणून मला इथं ठेवलंय. निदान पाटीवर तरी तसं लिहिलंय.

माझा जन्म साधाच. कुंपणाच्या भिंतीचं काम संपलं आणि थोडं सिमेंट उरलं. गवंड्यानं ते पालथ्या घमेल्यावर थापलं, झाले मी तयार! गल्ली झाडणाऱ्या मावशीनं मला मागून घेतलं, भिंतीच्या सावलीत जमिनीवर ठेवलं आणि रोज सकाळी झाडून झालं की ती मला बादलीभर पाण्यानं भरू लागली. मांजरं यायची, कावळे यायचे आणि सगळ्यांच्या आधी लंगडी यायची. लंगडी म्हणजे आमच्या गल्लीतली कुत्री. तिचा मागचा पाय स्कूटरखाली गेलेला. लपलप करत पाणी प्यायची आणि माझ्याच शेजारी पसरायची. ते दिवस सुखाचे होते.

मग कुंपणाआतल्या इमारतीतल्या रहिवाशांना माझा शोध लागला! कुणीतरी माझा फोटो ग्रुपवर टाकला आणि सगळ्यांना एकदम भूतदयेचा उमाळा आला. लगेच समिती झाली. समिती झाली म्हणजे अध्यक्षकाका आले, चिटणीसताई आल्या. मला फरशीच्या चौथऱ्यावर बसवलं, निळा रंग फासला आणि वर पाटी लावली. कोणत्या मजल्यानं कोणत्या वारी पाणी भरायचं, याची यादीही जिन्यात चिकटवली.

चिटणीसताई मावशीला म्हणाल्या, "आता तुम्ही हात लावायचा नाही हं. आम्ही वार वाटून घेतलेत."

"बरं बाई. पण पाणी घालायला विसरू नका."

"अहो, यादी आहे ना!"

यादीनं कुणाची तहान भागते का हो?

पाणी भरायचं आणि भरल्याचा फोटो ग्रुपवर टाकायचा, असा नियम होता. नव्याचे नऊ दिवस तो पाळला. दहाव्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी खाली उतरायचा कंटाळा केला आणि मागच्या आठवड्यातलाच फोटो पुन्हा टाकला. कुणाच्या लक्षातही आलं नाही. मग काय, सगळ्यांनाच वाट सापडली. रोज तोच फोटो, पाण्यावर तेच एक पिवळं पान, आणि खाली रोज "वा, छान काम!" अरे, एक पान महिनाभर तरंगतं का कुठं? पण बघायला वेळ कुणाला! अंगठे उमटवले की झाली सेवा.

इकडे मी कोरडी ठणठणीत. ऊन मी म्हणत होतं. त्यातच बंद पडलेल्या मोटारीखाली लंगडी व्याली. चार पिल्लं अंगावर पिणारी. बिचारीला पाणी नको? ती चौथऱ्यावर कशीबशी चढायची आणि माझा कोरडा तळ चाटायची. माझ्या जिवाचं पाणी पाणी व्हायचं, पण त्या पाण्याचा तिला काय उपयोग!

शेवटी मावशीला राहवलं नाही. तिनं बादली ओतली, आणि नेमक्या चिटणीसताई उगवल्या.

"मावशी, आज सोमवार. आज दुसऱ्या मजल्याचा वार आहे. तुम्हीच भरलंत तर त्यांनी काय करायचं?"

"मागच्या सोमवारी केलं तेच करावं," मावशी म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून मावशीला झाडायला पलीकडची गल्ली मिळाली.

पुढं आदर्श गल्लीची स्पर्धा आली. अकरा वाजता परीक्षक यायचे होते. सकाळपासून मला घासलं, पुसलं आणि काठोकाठ भरलं. पाण्याचा वास लागला तशी लंगडी जीभ बाहेर काढून धावत आली. तोंड घालणार, एवढ्यात अध्यक्षकाका काठी घेऊन ओरडले, "हाड! हाड! पाणी घाण करते मेली! पाहुणे यायचेत!"

काठी दुखऱ्या पायावरच बसली. ती केकाटत पळाली.

परीक्षकांनी माझे फोटो काढले. त्यातल्या एकानं विचारलं, "जनावरं दिसत नाहीत कुठं?"

"आत्ताच पिऊन गेली," काका म्हणाले. जिभेला हाड नाही म्हणतात, ते हेच.

पहिला नंबर आला! आता लोक मला बघायला येतात, म्हणून समिती मला रोज न चुकता भरते. आता फोटोही खरे असतात. पाणी मात्र संध्याकाळी तेवढंच असतं.

माणसांनो, एक मागणं आहे. मला या चौथऱ्यावरून उतरवा, ती पाटी काढा, मावशीला परत आणा आणि दोन महिने माझ्या आसपास फिरकू नका. तुमची दया आवरा, म्हणजे जनावरं जगतील.

काल लंगडीचं एक पिल्लू धडपडत माझ्याकडं निघालं होतं. चारातली आता दोनच दिसतात. मी नुसती भरून वाट बघत होते. तेवढ्यात लंगडी तीन पायांवर धावत आली. तिनं त्याला मानगुटीला धरून मागं ओढलं आणि गटाराच्या पाण्याकडं नेलं. आईच ती. लेकराला धोक्याची जागा ओळखायला शिकवायलाच हवं.