खिडकीजवळची खुर्ची

“तुला धरून नऊच,” बाकांवरून तिसऱ्यांदा नजर फिरवत बेकरीवाला म्हणाला.

घड्याळजीने मनगटाकडे पाहिलंही नाही. लोकांची घड्याळं दुरुस्त करण्यात उभा जन्म गेलेला. सूर्यास्ताला वीस मिनिटं उरलीत हे त्याला न पाहताच कळत होतं. आज बायकोला जाऊन वर्ष झालं होतं. तिच्या नावाने कद्दीश, गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, म्हणायची, तर प्रार्थनाघरात दहा यहुदी पुरुष हवेत, आणि सूर्य मावळला की तिचा दिवस संपला. सकाळपासून त्याने ओळखीच्या सगळ्यांचे उंबरे झिजवले होते.

तेवढ्यात दार ढकलून एक अनोळखी म्हातारा आत आला. हातात पिशवी, डोक्यावर प्रार्थनेची टोपी.

“झाले दहा,” बेकरीवाल्याचा जीव भांड्यात पडला.

घड्याळजीने प्रार्थनेचं पुस्तक पुढे केलं, तर ते म्हाताऱ्याच्या हातातून निसटलं. ते उचलायला तो वाकला आणि बाक धरूनच कसाबसा सावरला.

“जेवलात कधी?” घड्याळजीने विचारलं.

“काल दुपारी. असू दे, आधी प्रार्थना उरकू. राहतो मी उभा.”

“राहील की,” बेकरीवाला कुजबुजला. “पाव तासाचा तर प्रश्न.”

घड्याळजीला मोह झाला, अगदी मनापासून झाला. मग बायको आठवली. दारात कुणी आलं की ती नावगाव न विचारता आधी ताट वाढायची, आणि हा चौकशा करू लागला की डोळे वटारायची. तिच्याच नावाने भुकेल्याला ताटकळत ठेवायचं?

“चला, घर समोरच आहे माझं.”

“अरे, देवाच्या दारातून माणूस उठवून नेतोस?”

“पाहुणे दिसल्यावर अब्राहामाने देवालाच थांबायला सांगितलं होतं. तुला काय होतंय थांबायला?”

घरात टेबलाला दोनच खुर्च्या. खिडकीजवळची बायकोची. वर्षभर त्याने त्या खुर्चीवर मुलीलासुद्धा बसू दिलं नव्हतं.

“इथे कुणी बसतं?” म्हातारा घुटमळला.

“पाहुणे बसतात,” त्याने ठोकून दिलं आणि गरम सूप वाढलं. पाव दोनदा, न विचारता. खिडकीतलं ऊन भिंतीवर चढलं आणि गेलं. घड्याळजीने तिकडे पाठ केली होती, तरी त्याला कळलं.

जेवण झाल्यावर म्हाताऱ्याने रीतीप्रमाणे आभाराची प्रार्थना म्हटली. शेवटी टेबलाच्या दोन खुर्च्यांकडे, फडताळातल्या जोडीच्या कपांकडे पाहून त्याने आशीर्वाद दिला, “या घरच्या मालकाचं आणि मालकीणबाईंचं देव भलं करो.”

घड्याळजीने त्याची चूक दुरुस्त केली नाही.

“आमेन,” तो म्हणाला, आणि ताटं उचलायला उठला.