धरून ठेवलेली फाइल

राजपुऱ्यातल्या आमच्या कार्यालयात सकाळ घाईने येत नाही. आधी समोरच्या भिंतीचा वरचा काठ पिवळसर होतो. मग ते ऊन विटेविटेने खाली उतरते, शटरच्या पट्ट्यांवर क्षणभर थबकते आणि अखेरीस माझ्या टेबलावरच्या धुळीपाशी येऊन टेकते. त्यात विशेष काही नसते. तरीही मी लवकर येऊन ते पाहत बसतो, कारण त्या वेळी माझ्याशी कोणी बोलत नाही.

त्या दिवशी मात्र मंडीतले केळीचे व्यापारी पंडितशेठ आधीच दारात उभे होते. मंडी ऑनलाइन बाजाराशी जोडली जात होती, ती ही वर्षे; केळीचे भाव शेतकऱ्यांच्या मोबाइलवर धाडणारा आमचा प्रोग्राम पुन्हा बंद पडला होता.

"निंबा, तुझं मशीन तर केळीच्याही आधी सडतं रे! तिकडे गाड्या लागल्या. लिलावाच्या आत चालू नाही झालं, तर हे काम इंदूरवाल्यांना देऊन टाकतो मी."

सर्व्हरवर माझ्या खात्याला ठरावीकच जागा होती आणि प्रोग्रामच्या लॉग फाइलने, म्हणजे त्याच्या रोजच्या नोंदवहीने, ती सगळी गिळली होती. रोज मी ती फाइल नाव बदलून बाजूला सारीत असे. व्यर्थ. चालू प्रोग्राम नाव पाहत नाही. तो जुन्याच फाइलला धरून लिहीत राहतो.

अशा फाइली नेमाने छाटणारे लॉगरोटेट हे साधन मी चालवले. उत्तर आले: परवानगी नाही. सर्व्हरचा मुख्य पासवर्ड लीलाधरजवळ होता. सर्व्हर त्यानेच उभारला, मला शिकवलेही त्यानेच. आता तो पुण्यात होता. मी फोन लावला.

"टेन्शन नको घेऊ निंब्या, मी आलो की करून देतो ना."

"कधी?"

"पोळ्याला. पक्का."

"अखाजीच्या सणालाही हेच म्हणाला होतास."

"तू तर सासूसारखा हिशेब ठेवतो यार! चल, मीटिंग आहे."

फोन कटला. मला ओरडता येत नाही; माझा राग बोटांत उतरतो. सर्व्हरचा तो नकार मी प्रथमच शेवटपर्यंत वाचला. अडथळा एकच होता: मागची फेरी कधी झाली, याची नोंद लॉगरोटेट सर्व्हरच्या सामाईक जागेत ठेवू पाहत होते. ती मी माझ्याच फोल्डरात ठेवायला सांगितली. फाइल न हलवता तिची नक्कल काढून तिथल्या तिथे रिकामी करायची, सातच नकला राखायच्या, रोज पहाटे हे आपोआप व्हायचे, सगळे माझ्याच क्रॉनटॅबमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या यादीत. मग लीलाधरच्या काळापासून जपलेले जुन्या लॉगचे तुकडे दात आवळून पुसले. प्रोग्राम सुरू झाला.

पंडितशेठांचा मोबाइल वाजला. पहिला भाव आला होता.

"शाब्बास! लीलाधरला विचारून केलंस ना?"

"नाही." माझा आवाज मलाच परका वाटावा इतका चढला होता. "तो आता इथे राहत नाही, शेठ. मागच्या दिवाळीतच इथली खोली सोडून आईलाही पुण्याला घेऊन गेला."